माह्या वाटची झोप

१

आमच्या इकडं वावराची लाइन, म्हंजे मोटरीची वीज, आठवड्या-आठवड्यानं बदलते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातच्याले. रातची लाइन दहाले येते अन् सकायी सहाले जाते. ज्याच्या विहिरीत पाणी हाय अन् वावरात गहू उभा हाय, त्यानं उठाच लागते. वीस वर्ष झाले मी हेच करून राह्यलो. बॅटरी घ्याची, फावडं घ्याचं, कानाले मफलर गुंडायचा अन् निंघायचं. सकायी घरी येऊन पाय धुवायचे, चहा प्याचा, बाजेवर पडायचं. दोन तास झाले नाही का डोक्यावर टीन तापते, माश्या येते, लोकं येते. मंग उठायचं अन् जो समोर दिसन त्याच्यावर राग काढायचा.

मी रागीट हाय. हे मीच सांगून देतो, म्हंजे दुसऱ्याले सांगायचं काम पडत नाही. चौथीलोक शायेत गेलो. मास्तरनं मारलं, मी पाटी फेकून मारली, तथीच शाया संपली. नाव गुलाबराव. रोहिणखेडच्या अलीकडं आमचं गाव. घरात मी, बायको बनाबाई, अन् पोरगी पायल. ते बारावीले हाय.

मोठा भाऊ होता, रामराव. तोही रातचं पाणी देणाराच. दोन सालाआधी दांडातच, पाण्याच्या पाटातच, पडला. अर्धं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, अन् चौथ्या दिवशी सरला.

दिवाईनंतर गावात तपासणी होती. मशीन माह्या दंडाले आवयली, अन् डॉक्टरीनबाईचा चेहरा पडला. एकशे ऐंशीच्या वर काहीतरी होतं.

"काका, झोप किती तास होते?"

"लाइन जशी असन तशी."

"रोज सात-आठ तास झोपायलाच हवं. नुसत्या गोळीनं होणार नाही. घरात कोणाला झटका वगैरे आला होता का?"

मी बाही खाली ओढली. बाजूचे लोक बोलले, "रामराव."

"मग ऐका माझं. नाहीतर तुमचंही तसंच होईल."

"तुमी येता का मोटर चालू कराले?" म्हणलं. "मी झोपतो घरी."

सारे हासले. ते बाई नाही हासली.

२

सिंधूताई आमच्या गावची आशा. दर शनवारी कागद घेऊन यायची. गोयी घेतली का, मीठ कमी केलं का, तंबाकू सोडला का. अन् सगळ्यात खाली एक रकाना, झोप किती तास.

"किती लिहू भाऊ?"

"आठ."

"रोजचे?"

"रोजचे आठ. सोमवार ते आयतवार, आठ आठ लिव अन् मोकयी हो."

"काल रातच्याले तं तुमी वावरात होते."

"तू आलती का पाह्यले?"

"मी कायले येऊ? पण खोटं लिहून काय फायदा? झोप तुमची हाय भाऊ, सरकारची नाही."

"लिव म्हणलं न वं! कागदाले काय समजते कोण झोपलं अन् कोण नाही?"

तिनं लिवलं. मी खाली सही केली. असे चार शनवार झाले. यात नवीन काही नाही, आमच्या इकडं सारे कागद असेच भरते. संडास वापरता का, हो. पाणी उकयून पेता का, हो. इचारणाराले हो पायजे असते, आपण हो देऊन टाकायचा.

मले एवढंच पायजे होतं का तिनं माह्या दारात झोपेचं भाषण करू नये.

३

पह्यली गोष्ट झाली ते रातच्या लाइनीच्या आठवड्यात झाली. मंगयवार असन.

सकायी साडेसहाले आलो. पाय धुतले. बनाबाई चुलीपाशी होती, तिनं वर पाह्यलं नाही. मी घरकुलातल्या खोलीत गेलो अन् बाजेवर पडलो.

गोधडी गरम होती.

उन्हाची गरमी नाही. त्या खोलीत ऊन येतच नाही. अंगाची गरमी होती. कोणी आत्ताच उठून गेल्यावर राह्यते तशी. उशी मधात दबेल. आता, घरात मांजर हाय. मले वाटलं मांजर झोपलं असन. पण मांजर केवढं, गरमी केवढी! पार पायापासून उशीलोक.

पायल खाली सतरंजीवर पुस्तक घेऊन बसली होती.

"माह्या बाजेवर कोण झोपलं होतं?"

"तुमीच न बाबा."

"मी वावरातून येऊन राह्यलो."

"हाव बाबा," म्हणे, अन् पुस्तकात पाहून राह्यली. बुढ्या माणसाले म्हणते न लोक, तसं हाव.

मी म्हणलं जाऊ दे, पोरीचं लक्ष अभ्यासात हाय. दुसऱ्या दिवशी बी गरम. तिसऱ्या दिवशी मी पडायच्या आंधी हात लावून पाह्यला. बाजेच्या पट्ट्या माह्या कंबरेपाशी ढिल्या हायेत, तथी खड्डा पडते. त्या खड्ड्यात गरमी जास्त होती. जो झोपला होता तो माह्याच वजनाचा होता.

मी पडलो. बरोबर बसलो त्या खड्ड्यात. सुख वाटलं, खोटं कायले सांगू. पण झोप नाही आली. डोये उघडे ठिवून टीन पाहत राह्यलो. अन् मजा पाहा, थकवा बी नव्हता.

उठून चुलीपाशी गेलो. "चहा दे."

"आत्ताच तं घेतला जी."

"कोणी?"

बनाबाईनं माह्याकडं पाह्यलं. मंग कपाकडं पाह्यलं. माहा बिनदांडीचा कप चुलीच्या बाजूले उलटा पडला होता. धुयेल. ओला.

४

आता रागीट माणसाच्या डोक्यात पह्यलं काय येते ते मी सांगाची गरज नाही. चार दिवस मी ते पोटात ठेवलं. पाचव्या दिवशी नाही राह्यलं.

"कोण येते वं घरात?"

ते भाकरी थापून राह्यली होती. हात थांबले. "काय म्हणता?"

"रातच्याले माह्या बाजेवर कोण झोपते?"

"तुमी झोपता. दुसरं कोण झोपन?"

"मी वावरात असतो!"

"कुठी असता जी वावरात?" म्हणे. "मांगच्या रातपाळीपासून तुमी गेले का एकदा तरी? दहा वाजले का आडवे होता. मले तं वाटलं त्या डॉक्टरीनबाईचं आयकलं एकदाचं."

"मंग गव्हाले पाणी कोण देते, तुहा बाप?"

"माह्या बापाले जाऊन अकरा वर्ष झाले. प्रसेनजित भाऊजी देते. तुमीच म्हणले, त्याले सांगून ठेवलं म्हणून."

"मी म्हणलं?"

"सकायी. चहा पेता पेता."

मी ताट उचललं अन् भिताडाले हाणलं. पिठलं भितीवरून खाली येत राह्यलं. पायल दारात येऊन उभी राह्यली. बनाबाई उठली नाही, पदर सावरला नाही, काही नाही.

"हाणायचं असन तं हाणा," म्हणे. "पण माणूस म्हणता न तुमी? पोरगी त्याच खोलीत झोपते, तुमच्यापासून दोन हातावर. तिले इचारा कोणता माणूस येते ते. इचारा न!"

मी पायलकडं पाह्यलं. पायल माह्याकडं पाहून राह्यली होती. भेलेली नव्हती, तेच खराब होतं. तिले वाईट वाटून राह्यलं होतं.

"बाबा," म्हणे, "पंधरा-वीस दिवस किती बरं होतं."

बनाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "आवाज नाही चढवला तुमी. एक डाव नाही. मले वाटलं झोपीनं माणूस सुधरला. आज काय झालं पुन्हा?"

 मी बाहीर येऊन ओट्यावर बसलो. वीस दिवस मी शांत होतो म्हणते. वीस दिवसात मी कुत्र्याले दगड मारले, मोटरीले शिव्या देल्या, एका मेंढीवाल्याची कॉलर धरली. हे सारं मले आठवते. यातलं एकही मी घरात केलं नव्हतं, हे बी खरं.

५

प्रसेनजित माहा चुलतभाऊ, बरोबरीचा. त्याचं वावर माह्या धुऱ्याले लागून. दुपारी गेलो त्याच्याकडं. तो तुरीत होता.

"जय भीम. काय बे, आज दिवसा?"

"एक सांग. रातच्याले मी वावरात असतो का नाही?"

"काय झालं, वहिनी इसरभोळी झाली का तू झाला?"

"सांग न बे."

"असतोच न."

"माह्या गव्हाले तू पाणी देते का?"

"माह्या हरभऱ्याले देता देता जीव जाते, तुह्या गव्हाले मी कायले देऊ? कोणी सांगतलं?"

मले एवढं बरं वाटलं का इचारू नका. म्हणलं, "म्हंजे तू पाह्यते मले."

"बॅटरी पाह्यतो तुही. इकडून तिकडं जाते."

"तोंड?"

"अशा थंडीत तुहं तोंड पाह्यले धुरा ओलांडू का मी? दिवसा पाह्यतो तेवढंच पुष्कय होते."

"आवाज तं आयकते?"

तो हासायचा थांबला. विळा खांद्यावर घेतला अन् इचार करत राह्यला.

"आवाज नाही बे," म्हणे. "पह्यले लाइन गेली का तू अशा शिव्या द्यायचा का तीन वावरं आयकू यायच्या. माही बायको म्हणे, कानात बोटं घाला पोट्ट्याइच्या. आताशा नाही. मी म्हणलं वहिनीनं सोडवल्या वाटते."

आदल्या राती लाइन दोन डाव गेली होती. दोन्ही डाव मी गळा फाटेलोक शिव्या देल्या होत्या. घसा अजून दुखून राह्यला होता.

मी माह्या वावरात गेलो. गहू ओला होता. दांडात चिखल होता, चिखलात पाय उमटेल होते. चप्पल काढून मी माहा पाय त्या पायात ठेवला. बरोबर बसला. अंगठ्याच्या बाजूचं बोट माहं आखूड हाय, तेही बसलं. म्हणलं चला, मी वावरातच हाय. घरचेच कुठीतरी चुकून राह्यले.

मंग याद आली, बाजेतल्या खड्ड्यात बी मी असाच बरोबर बसलो होतो.

६

म्हणलं फोन लावू. एवढी सोपी गोष्ट, आधीच काऊन नाही सुचली?

त्या राती विहिरीपाशी उभा राहून पायलच्या फोनवर लावला. तीन-चार घंट्या गेल्या. पायलनं उचलला, झोपेतच बोलली, "हॅलो... बाबा?"

"पायल! उठ अन् बाजेवर पाह्य कोण हाय ते!"

"हॅलो?"

"बाजेवर पाह्य म्हणलं! लाइट लाव!"

"आई," म्हणे ते, फोन बाजूले करून, "नुसतं पाणी वाजते." अन् फोन ठेवला.

सकायी घरी आलो तं पायल वेणी घालून राह्यली होती. मी काही इचारायच्या आधी तेच बोलली.

"बाबा, उशीखाली फोन ठेवून नोका झोपत जाऊ. रातच्याले तुमच्या डोक्याखाली दबला अन् मले लागला."

"काय आयकू आलं?"

"पाणी. नळ सुरू राह्यल्यावानी. मी हळूच काढून ठेवला उशीखालून, तुमची झोप न मोडता."

"कुठी ठेवला?"

"तो काय."

कोनाड्यात आरशाच्या बाजूले माहा फोन होता. बटनाचा, मांगून रबर लावेल. मी खिशात हात घातला. खिसा खाली होता.

विहिरीपाशी फोन खिशात टाकला होता मी. टाकलाच होता. का चौथऱ्यावर ठेवला होता? तवापासून आजलोक मी ते आठवून राह्यलो. एक डाव वाटते टाकला, एक डाव वाटते हातात फोन होता का नाही तेच समजत नाही.

७

मधात दिवसाची लाइन आली अन् गेली. दिवसाच्या लाइनीत काहीच नाही झालं, कारण तवा रातच्याले मीच बाजेवर होतो. बाज थंडी होती, मी पडलो का गरम होत जाय. पण झोप नाही आली. सात राती टीन पाह्यलं. सकायी बनाबाई म्हणे, "काय घोरता जी तुमी!"

मंग पुन्हा तपासणी. तेच डॉक्टरीनबाई. तिनं मशीन दोन डाव लावली.

"काका, एकशे तीस! काय केलं सांगा तरी."

"झोपले जी," बनाबाई मांगून बोलली. "एकदा पडले का सकायलोक हालत नाही. आठ तास पुरे."

"मी झोपत नाही," मी म्हणलं. "महिना झाला, माहा डोया लागला नाही."

तिघी बी हासल्या. सिंधूताई बी होती. म्हणे, "भाऊ, आता तं मले खोटं लिहा लागत नाही, आता काऊन उलटं बोलता?"

"चेहऱ्यावर दिसतंय काका," डॉक्टरीनबाई म्हणे. "असंच चालू ठेवा. ही झोप मोडू नका. तुमचा जीव हिच्यावर आहे."

तथून घरी येलोक मी हात दाबून पाहत राह्यलो. दंड माहा होता. मशीन माह्याच दंडाले लावली होती. झोप मी घेतली नव्हती अन् ते मले लागू पडली होती. कोणीतरी माह्या वाटची झोप झोपून राह्यलं होतं अन् मी तिच्यावर जगून राह्यलो होतो, नाहीतर रामरावसारखा कवाचाच दांडात पडलो असतो. मंग त्याले हाकलू कसा? अन् नाही हाकललं तं राहू कसा?

संध्याकायी पायल कागद घेऊन आली.

"बाबा, सही करा. नर्सिंगच्या परीक्षेचा फॉर्म."

दोन वर्ष मी तिले नाही म्हणलं होतं. खामगावले राहून शिकायचं, पोरीनं एकटीनं, माह्या डोक्यात ते बसतच नव्हतं. तिनं पुन्हा नाव काढलं तं तंगडं तोडीन असं म्हणेल होतो.

"कोणी सांगतलं तुले फॉर्म भराले?"

तिच्या तोंडावरचं हासू गेलं. "सकायी तुमी हाव म्हणले न बाबा. डोक्यावर हात ठेवला. म्हणले, जाय, शिक."

मी कागद पाह्यला. पेन तिच्या हातात होता. आवाज चढवाचा होता मले. गयालोक आला होता. पण कोणाच्या सबदावर चढवू? ते माह्याच तोंडातून निंघालेले सबद होते. मले येतच नाहीत असे.

मी सही केली. पोरगी माह्या गयात पडली. तिच्या खांद्यावरून मले खोलीतली बाज दिसली. नीट आथरेल होती, रातच्यासाठी.

८

त्या राती पाणी शेवटच्या सऱ्यात, वावराच्या टोकाच्या पट्ट्यात, होतं. पाचच्या सुमारास दांड फुटला. चौथ्या ताशीपाशी, म्हंजे ओळीपाशी, भगदाड पडलं, सारं पाणी प्रसेनजितच्या हरभऱ्यात चाललं. फावड्यानं माती ओढली, राह्यना. शेवटी पोतं दाबलं अन् वर बसलो. मीच मले म्हणत होतो, दाब, पोतं दाब. तेवढ्यात लाइनीच्या डीपीवर एक भडका झाला अन् लाइन गेली. मोटर बंद. सहा वाजायच्या आतच मोकया झालो.

घराकडं निंघालो. पूर्व फाकून राह्यली होती. एवढ्या लवकर मी कधीच आलो नव्हतो.

दार आतून लावेल होतं. मी दार वाजवायले हात उचलला अन् आतून घोरणं आयकू आलं. माहं घोरणं मी कधी आयकलं नव्हतं, कोण आयकते? पण मले समजलं. भावाचं बी असंच होतं, शेवटी शिट्टी वाजे.

मांगच्या खिडकीपाशी गेलो. खिडकीले पल्ला नाही, पोतं लावेल हाय. पोत्याचा कोपरा सारला.

खाली पायल पांघरूण घेऊन. तिच्या पलीकडं बनाबाई, उठून बसेल, केस बांधून राह्यली होती. बाजेवर एक जण भिताडाकडं तोंड करून. पाठ दिसली. मानेवर मफलराचा वण, माह्या मानेवर हाय तसा. गोधडी वर-खाली होऊन राह्यली होती, सावकाश. एवढं निवांत झोपलेलं माणूस मी आमच्या घरात कधी पाह्यलं नव्हतं. गोधडीतून एक पाय बाहीर आला होता.

पायाले ओला चिखल होता.

घोरणं थांबलं. तो बोलला. जड, झोपेतला आवाज. "दाब... पोतं दाब बे..."

"हाव, दाबलं, दाबलं," बनाबाई म्हणे. लेकराले म्हणते तसं. हात नेऊन गोधडी त्याच्या पायावर ओढली.

पायल कुशीवर वयली. "आई, बाबा वावरात हायेत का?"

"रोजचंच हाय ते. सारी रात झोपेत पाणी देते बिचारे."

माह्या डोक्यात आग झाली. कोण बिचारा? मी खिडकीचा गज धरला. गज थंडा लागला. थंडा लागते म्हंजे मी हाय, असा एक इचार केला मी, अन् सारा दम छातीत घेऊन वरडलो, "बने! दार उघड!"

गल्लीत काहीच वाजलं नाही. समोरच्या तारीवर पाखरं बसेल होते, ते उडाले नाही.

आत बाजेवरून आवाज आला, गोधडीत गुरफटेल, "बने... दार उघड..."

"उघडलं जी, उघडलं," बनाबाई बोलली. ते जाग्यावरून हालली बी नाही. "झोपा आता. पायल, आवाज नको करू बाई. अजून अर्धा तास हाय त्याइचा. मधात उठवलं तं पुन्हा पह्यल्यावानी होइन."

मी तोंड मिटलं. तोंड मिटलं तेही मले समजलं, ओठाले ओठ लागले. मी त्या पाठीकडं पाहून राह्यलो. गोधडी वर गेली, मी दम घेतला. खाली आली, सोडला. मुद्दाम दम रोखून पाह्यला. गोधडी वरच राह्यली. मी सोडेलोक वरच राह्यली.

का ते वर राह्यली म्हणून माहा दम अडकला? कोणतं आधी झालं ते मले आजही सांगता येत नाही. दुसऱ्यांदा करून पाह्याची माही छाती नाही झाली.

पोतं हळूच पुन्हा खिडकीवर ओढलं. साऱ्या जनमात मी एवढ्या हळू काही केलं नसन. पाय न वाजवता ओट्यासमोर आलो. कोंबडी खुराड्यात कुडकुडली, तिले हातानं चूप केलं. झोपू दे म्हणलं. अर्धा तास झोपू दे, मंग दिवसा पाहू काय करायचं ते.

तवा खालच्या आळीकडून मोटरसायकल आयकू आली. गोविंदा दूधवाला. त्याच्या गाडीले दोन कॅन लटकते, अन् दर घरापुढं तो हॉर्नवर अंगठा ठेवते, दुधाची गंजी घेऊन बाई बाहीर येलोक उचलत नाही. मी त्याच्यासाठी किती डाव त्याले शिव्या देल्या असन.

मी पयालो. रस्त्याच्या मधात उभा राह्यलो, दोन्ही हात आडवे केले. थांब म्हणलं, गोविंदा, वाजवू नको, पाया पडतो तुह्या. आवाज निंघाला का नाही माहीत नाही. गाडी वयणावर आली. लाइट सरळ माह्या अंगावर आला अन् मांगच्या माह्या दारावर बी तसाच्या तसा पडला.

गोविंदानं स्पीड कमी नाही केली. त्यानं अंगठा हॉर्नवर ठेवला, अन् माह्या मांगं, आतल्या खोलीत, बाज करकरली.